चटणीत मीठ आधीच असतं : ‘हार्डली’, ‘नेव्हर’ आणि दोनदा पडणारं ‘नाही’

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरची, कांदा, लसूण, आलं, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला असं सगळं भाजून-तळून डंकावर कुटून आणतात, आणि त्यातच मीठही पडतं. मीठ दिसत नाही, पण असतं. ही चटणी नुसतं तिखट समजून एखाद्याने रश्श्यात घातली आणि वरून नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकलं, की रस्सा खारट झालाच म्हणून समजा.

इंग्रजीतले ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’ हे शब्द त्या चटणीसारखे आहेत. त्यांच्या पोटात ‘नाही’ आधीच कुटलेलं आहे. ते न ओळखता वरून ‘नॉट’ टाकलं की वाक्य बिघडतं. दहावी-बारावीच्या पेपरात, स्पर्धा परीक्षेच्या ‘चूक शोधा’ प्रश्नात, नोकरीच्या अर्जात ही चूक वर्षानुवर्षं होते आहे. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तरी ती गेलेली नाही. याचं कारण मुलांचा आळस असेल असं वाटत नाही. चुकीचं मूळ आपल्या मराठीच्या सवयीत आहे, आणि तिचं औषधही मराठीतच सापडतं.

नकार कुठे दडलेला असतो

क्रिया कधी, कशी, कुठे, किती घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. त्यातल्या ज्या शब्दांत ‘नाही’ किंवा ‘जवळजवळ नाही’ हा अर्थ भरलेला असतो, ती नकारार्थी क्रियाविशेषणं. पुढे त्यांना नुसतं ‘नकारी शब्द’ म्हणू. प्रमाण इंग्रजीचा नियम एका ओळीचा आहे: एका क्रियापदाच्या वाट्याला एकच नकार.

या शब्दांचे दोन गट पाडले की निम्मं काम होतं. पहिल्या गटात नकार उघड दिसतो: नेव्हर, नोव्हेअर, नायदर, नॉर. त्यांच्याच शेजारी नोबडी, नथिंग, नन. हे सगळे ‘न’ने सुरू होतात, आणि तो योगायोग नाही. ‘नेव्हर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘ने’ अधिक ‘एव्हर’. ते ‘ने’ आणि आपलं ‘न’ एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. तेव्हा हा ‘न’ मराठी माणसाला परका नाही.

दुसरा गट फसवा आहे: हार्डली, स्केअर्सली, बेअरली, सेल्डम, रेअरली. यांत ‘न’ कुठेच दिसत नाही. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, म्हणून ‘हार्डली’ म्हणजे पूर्वी ‘कष्टाने, कसंबसं’. त्यातूनच पुढे ‘जवळजवळ नाहीच’ हा अर्थ आला. ‘स्केअर्स’ म्हणजे दुर्मिळ, ‘रेअर’ म्हणजे विरळ, ‘बेअर’ म्हणजे नुसतं, उघडं. चेहऱ्यावर नकार नाही, पोटात आहे. परीक्षेत या गटात पुष्कळ चुका होतात.

मराठीत ‘कधीच नाही’ चालतं, मग इंग्रजीत का नाही?

‘मी कधीच खोटं बोलत नाही’ हे वाक्य घ्या. शब्दकोशात ‘नेव्हर’समोर ‘कधीच नाही’ असं लिहिलेलं असतं. विद्यार्थी त्या जोडीचे दोन तुकडे करतो, ‘कधीच’ला ‘नेव्हर’ देतो, ‘नाही’ला ‘नॉट’ देतो आणि लिहितो: ‘आय डू नॉट नेव्हर टेल लाइज.’ त्याच्या हिशेबाने त्याने प्रत्येक शब्दाला शब्द दिलेला असतो.

हिशेब चुकतो तो ‘कधीच’ची किंमत लावताना. मराठीतल्या कधी, कुणी, काही, कुठे या शब्दांत नकार नाहीच. ‘कुणी आलं का?’ या प्रश्नात कुठे नकार आहे? नकार फक्त शेवटच्या ‘नाही’त आहे, आणि ‘कधीच’मधला ‘च’ जोर देतो. म्हणजे मराठीच्या या वाक्यातही नकार एकच आहे. खरी जोडी अशी लागते: कधी म्हणजे ‘एव्हर’, कुणी म्हणजे ‘एनीबडी’, काही म्हणजे ‘एनीथिंग’, कुठे म्हणजे ‘एनीव्हेअर’. मग बेरीज सोपी होते. ‘नॉट’ अधिक ‘एव्हर’ बरोबर ‘नेव्हर’. ‘नॉट’ अधिक ‘एनीबडी’ बरोबर ‘नोबडी’. बेरीज करून आलेल्या उत्तरात पुन्हा ‘नॉट’ मिळवायचं नसतं.

म्हणून ‘मी कुणालाच पाहिलं नाही’ हे दोन तऱ्हांनी बरोबर लिहिता येतं: ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ किंवा ‘आय सॉ नोबडी’. मराठी वळण पहिल्या वाक्याशी तंतोतंत जुळतं. ‘एनी’चे शब्द हाताशी ठेवले तर मराठी माणसाला इंग्रजी नकार जड जायचं काही कारण नाही.

एक अपवाद मात्र पाठच करावा लागतो. ‘कुणीच आलं नाही’ याचं ‘एनीबडी डिड नॉट कम’ होत नाही. ‘एनी’वाला शब्द नकाराच्या आधी येऊ शकत नाही, नकार त्याच्या आधी यावा लागतो. कर्ता वाक्याच्या सुरुवातीलाच येत असल्याने तिथे तयार बेरीज वापरायची: ‘नोबडी केम.’

‘हार्डली’चा अर्थ ‘फारसा’ नव्हे

दुसऱ्या गटाची चूक शिकवण्यातूनच येते. ‘हार्डली म्हणजे फारसा नाही’ असं वहीत उतरवून घेतात. मुलाच्या डोक्यात ‘हार्डली म्हणजे फारसा’ एवढंच राहतं. ‘मला फारसं ऐकू येत नाही’ म्हणताना उरलेल्या ‘नाही’साठी तो ‘नॉट’ शोधतो आणि ‘आय कान्ट हार्डली हिअर’ तयार होतं.

त्याऐवजी ‘हार्डली’ला ‘जेमतेम’ हा अर्थ द्यावा आणि ‘सेल्डम’, ‘रेअरली’ला ‘क्वचितच’. मराठीतले हे दोन्ही शब्द स्वतः नकाराकडे झुकतात, पण क्रियापद मात्र होकारार्थी घेतात. ‘मला जेमतेम ऐकू येतं.’ ‘तो क्वचितच येतो.’ ‘तो क्वचितच येत नाही’ असं म्हटलं तर तो रोज येतो असा उलटा अर्थ निघतो, हे आपल्या कानाला न शिकवता कळतं. इंग्रजी माणसाचा कान ‘सेल्डम’बद्दल तेच सांगतो. ‘आय कॅन हार्डली हिअर’, ‘ही सेल्डम कम्स’: मराठी वाक्य होकारार्थी, इंग्रजीही होकारार्थी.

‘जेमतेम’ची युक्ती एका ठिकाणी अपुरी पडते. ‘हार्डली एनी’ आणि ‘हार्डली एव्हर’ या जोड्यांचा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’ असा घ्यावा. टाकीत पाणी जवळजवळ नव्हतंच: ‘देअर वॉज हार्डली एनी वॉटर इन द टँक.’ इथे ‘हार्डली नो वॉटर’ किंवा ‘हार्डली नेव्हर’ लिहिलं की मीठ दुसऱ्यांदा पडलं. ‘विदाउट’चंही असंच, त्याच्या पोटात नकार असल्याने ‘विदाउट एनी टिकेट’ बरोबर, ‘विदाउट नो टिकेट’ चूक.

‘बेअरली’ची छटा जरा वेगळी आहे. ‘ही बेअरली पास्ड’ म्हणजे तो पास झाला आहे, पस्तीसच्या काठावर. गुणपत्रिकेवर शेरा ‘उत्तीर्ण’च असतो. म्हणून ‘ही डिडन्ट बेअरली पास’ हे वाक्य वाचणाऱ्याला पास-नापास काहीच कळत नाही.

जाता जाता ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चा घोटाळाही सांगायला हवा. मेहनतीने काम करतो हे ‘आय वर्क हार्ड’. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी काम जवळजवळ करतच नाही. नोकरीच्या अर्जात हा फरक महाग पडतो.

दुरुस्ती करताना क्रियापदाकडे बघा

वाक्यात दोन नकार सापडले की मुलं ‘नॉट’ खोडतात आणि पुढे जातात. तेवढ्याने वाक्य दुरुस्त होत नाही. ‘ही डझन्ट हार्डली ईट’ यातलं ‘डझन्ट’ खोडलं की उरतं ‘ही हार्डली ईट’, आणि तेही चूकच. ‘डझ’ने क्रियापदाचा ‘एस’ स्वतःकडे घेतला होता. ‘डझ’ गेला की ‘एस’ परत जागेवर यायला हवा: ‘ही हार्डली ईट्स.’ भूतकाळातही तसंच. ‘ही डिडन्ट हार्डली ईट’ यातून ‘डिड’ काढला की भूतकाळ क्रियापदावर परत येतो: ‘ही हार्डली एट.’ चूक शोधणाऱ्यांनाही हा दुसरा टप्पा सुटतो आणि हातातला गुण जातो.

म्हणून आधी क्रियापदाखाली रेघ मारा. त्याच क्रियापदाशी बांधलेले नकार मोजा. ‘न’चे उघड आणि हार्डलीच्या गटातले छुपे, दोन्ही. दोन निघाले तर ‘नॉट’ काढा, ‘डू-डझ-डिड’ही काढा आणि क्रियापदाला त्याचं रूप परत द्या. ‘कॅन’, ‘कुड’, ‘हॅज’, ‘इज’ असेल तर ते राहू द्या. फक्त ‘नॉट’ जातं. नकारी शब्द त्यांच्यानंतर बसतो: ‘कॅन हार्डली’, ‘हॅज नेव्हर’, ‘इज सेल्डम’. ‘नॉट’ ठेवून ‘हार्डली’ काढलं तर व्याकरण सुधारतं, पण अर्थ पालटतो. ‘तो जेमतेम खातो’ आणि ‘तो खात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांना सांगताना तर फारच वेगळ्या.

‘मी येत नाही तोपर्यंत’

आपल्या भागात नेहमी ऐकू येणारा दुहेरी नकार ‘अनटिल’बरोबर येतो. ‘मी येत नाही तोपर्यंत इथंच थांब’ याचं ‘वेट हिअर अनटिल आय डोन्ट कम’ केलं जातं. ‘अनटिल’ क्रियाविशेषण नाही, जोडणारा शब्द आहे. पण रोग तोच असल्याने इथेच बघू. मराठीतलं हे ‘नाही’ नुसत्या वळणाचं आहे. तेच वाक्य आपण ‘मी येईपर्यंत थांब’ असंही म्हणतो, आणि तिथे ‘नाही’ आपोआप गळतं. तेव्हा आधी मनातलं वाक्य ‘-ईपर्यंत’च्या साच्यात घाला, मग इंग्रजी करा: ‘वेट हिअर अनटिल आय कम.’

‘अनलेस’साठी ‘-ल्याशिवाय’ हा साचा आहे. ‘जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस’ असं मनात आलं की ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ होणारच. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ असं म्हणा: ‘अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास.’ इथे ‘अनलेस’ही आहे आणि ‘नॉट’ही, मग हे कसं चाललं? ‘अनलेस’ ‘स्टडी’च्या वाट्याला आहे आणि ‘नॉट’ ‘पास’च्या. दोन क्रियापदं, प्रत्येकाला आपापला नकार.

‘लेस्ट’मध्ये ‘पडू नये म्हणून’मधला ‘नये’ आधीच आला. त्यामुळे ‘लेस्ट यू शुड फॉल’. मध्ये ‘नॉट’ नको. ‘टू… टू’ची रचनाही अशीच. ‘इतका दमला की चालवेना’ यातला ‘ना’ पहिल्या ‘टू’तच भरलेला आहे: ‘ही इज टू टायर्ड टू वॉक.’

पोहोचतो न पोहोचतो तोच

‘मी स्टँडवर पोहोचतो न पोहोचतो तोच गाडी सुटली.’ मराठीतलं हे फार सुंदर वळण, पण इंग्रजीत जाताना त्यातला ‘न’ हमखास दगा देतो. ‘हार्डली हॅड आय नॉट रीच्ड’ असं लिहिलं जातं. तो ‘न’ ‘हार्डली’ने आधीच उचललेला असतो. बरोबर वाक्य: ‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टँड व्हेन द बस लेफ्ट.’ ‘नो सूनर’ने सुरुवात केली तर ‘व्हेन’च्या जागी ‘दॅन’ येतो, कारण ‘सूनर’ ही तुलना आहे आणि तुलनेला ‘दॅन’ लागतो. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ला ‘व्हेन’.

नकारी शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं, प्रश्नात मारतं तसं. ‘रेअरली डझ ही कम.’ ही उलटापालट म्हणजे हा शब्द मनाने नकारी असल्याचा पुरावाच.

शेपटीला लागणारा प्रश्न

दुसरा पुरावा वाक्याच्या शेवटी मिळतो. होकारार्थी वाक्याला इंग्रजीत नकारी शेपूट लागतं आणि नकारार्थीला होकारी. ‘ही कम्स टू रंकाळा, डझन्ट ही?’ पण ‘ही हार्डली कम्स टू रंकाळा’ म्हटलं की शेपूट ‘डझ ही?’ असं लागतं, कारण पहिला भाग नकारी धरला जातो. परीक्षेत इथे ‘डझन्ट ही’ लिहिणारे पुष्कळ.

‘फ्यू’ आणि ‘लिटल’ही याच कुळातले आहेत. ‘फ्यू पीपल केम, डिड दे?’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही, हो ना? ‘अ फ्यू पीपल केम, डिडन्ट दे?’ म्हणजे थोडे तरी आले, हो ना? एका ‘अ’ने वाक्याची कूस बदलते.

आणखी एक जुनी खोड: ‘सेल्डम ऑर एव्हर’. बरोबर जोड्या दोनच, ‘सेल्डम ऑर नेव्हर’ आणि ‘सेल्डम, इफ एव्हर’.

पण इंग्रज लोकही असं बोलतात की

बोलतात. लंडनच्या कामगार वस्तीतल्या बोलीत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत, कितीतरी गाण्यांत दोन नकार एकत्र येतात, आणि तिथे ते एकमेकांना जोर देतात. चौदाव्या शतकातला कवी चॉसर एका योद्ध्याचं वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार वापरतो, आणि त्या काळी ते शुद्ध इंग्रजी होतं. स्पॅनिश आणि रशियनमध्ये आजही तसं बोलणंच शुद्ध. त्यामुळे दोन नकार वापरणारा माणूस अडाणी, असं कुणी म्हणत असेल तर ते अन्यायाचं आहे.

पुढे लेखी, शिष्ट इंग्रजीतून हे दुहेरी नकार हळूहळू कमी झाले. १७६२ साली पहिल्यांदा छापलेल्या आणि नंतर अनेक आवृत्त्या निघालेल्या रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणाने ‘दोन नकार एकमेकांना खोडतात’ हा नियम शाळाशाळांत पोहोचवला. जिन्यातल्या दिव्यासारखा हा हिशेब आहे: खालचं बटण दाबलं की दिवा विझतो, वरचं दाबलं की पुन्हा लागतो. परीक्षा, अर्ज, कचेरीतलं पत्र या ठिकाणी हाच हिशेब चालतो, म्हणून शिकायचा.

नियम न पाळल्याचं नुकसान फक्त गुणांचं नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. अशा दिवसांत परगावच्या ऑफिसला इंग्रजीत निरोप जातो: ‘द वॉटर हॅज नॉट हार्डली रिसीडेड.’ पाणी ओसरलं की नाही? वाचणारा एकदा ‘नॉट’ धरतो, एकदा ‘हार्डली’ धरतो, आणि शेवटी फोन करतो. ‘द वॉटर हॅज हार्डली रिसीडेड’ एवढ्याने काम झालं असतं: पाणी जेमतेम ओसरलंय, रस्ता अजून बंद.

मग बोर्डाच्या पेपरात दोन नकार कसे चालतात?

बारावीच्या पेपरात ‘अर्थ न बदलता नकारार्थी करा’ असा प्रश्न येतो. ‘एव्हरीबडी नोज हिम’ याचं उत्तर ‘देअर इज नोबडी हू डझन्ट नो हिम’. दोन नकार, तरी पूर्ण गुण! इथे दुसरा नकार मुद्दाम घातलेला आहे. पहिल्याला खोडून होकार परत आणायचा, हाच त्याचा हेतू. शिवाय ‘इज’ला एक नकार आणि ‘नो’ (ओळखणे) या क्रियापदाला दुसरा, म्हणजे वाटणीही नियमाप्रमाणेच. मराठीत ‘तो येणार नाही असं नाही’ म्हणतो ना, तसंच. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे ‘अगदीच विरळा नाही’, तेही याच जातीचं. होकार हवा म्हणून घातलेले दोन नकार बरोबर; नकार हवा असताना घातलेले दोन चूक.

हो म्हणायचं की नाही

ग्राहक सेवेच्या फोनवर प्रश्न येतो: ‘हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द कार्ड?’ कार्ड मिळालेलं नसतं. मराठीत ‘कार्ड मिळालं नाही का?’ याला आपण ‘हो, नाही मिळालं’ असं म्हणतो. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. ही सवय इंग्रजीत गेली की तोंडून ‘येस’ निघतं आणि पलीकडे नोंद होते: कार्ड मिळालं. इंग्रजीतला ‘येस’ किंवा ‘नो’ प्रश्नाकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतो. मिळालं असेल तर ‘येस’, मिळालं नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो. आणि घाई असली तरी एका शब्दावर थांबू नये. पूर्ण बोलावं: ‘नो, आय हॅवन्ट रिसीव्ह्ड इट.’